राखणदाराचा कान
(कुत्र्याच्या कानावरील घरगुती औषधांची कुळकथा)

बैलाचा खांदा सुजला तर आपण त्याच दिवशी धावपळ करतो. गाईच्या सडाला चीर पडली तर दुधाआधी औषध बघतो. पण वस्तीवरचा कुत्रा दोन-दोन दिवस कान झाडत राहिला, तर आपण म्हणतो, ‘‘झाडू दे, होईल बरा.’’ रात्रभर रानडुकराला हुसकावणारा, मेंढरांभोवती फिरणारा, परक्या माणसाची चाहूल आधी घेणारा हा गडी सगळे काम कानाच्या जोरावर करतो. त्याचा कान गेला म्हणजे अर्धी राखण गेली.

मग कधीतरी कानातून वास येऊ लागतो आणि घरात जे हाताशी असेल ते कानात ओतले जाते. कोणी लसणाचे गरम तेल, कोणी रॉकेल, कोणी तंबाखूचे पाणी, कोणी फिनेल. या सगळ्यांना आपण सरसकट ‘जुने गावठी औषध’ म्हणतो. प्रत्यक्षात यातले काही उपाय हजार-दीड हजार वर्षांचे आहेत, काही चारशे वर्षांचे, तर काही आपल्या आजोबांच्या तरुणपणी डब्यातून आलेले आहेत. कोणता उपाय कोठून आला आणि कशासाठी आला, हे समजले की कोणता ठेवावा व कोणता टाकावा हे ठरविणे सोपे जाते. म्हणून ही कुळकथा.

पुण्याला स्वारगेटच्या एस.टी. स्थानकातून सासवड, जेजुरी, भोर, शिरवळ, सातारा या बाजूंना गाड्या सुटतात. या कथेतील बरीच ठिकाणे याच रस्त्यांवर आहेत, काही खुद्द पुण्यात आहेत. तेव्हा ही गोष्ट आपल्याच मुलखाची आहे.

आधी कान समजून घ्या

माणसाच्या कानाची नळी जवळजवळ सरळ आत जाते. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळून आत जाते. वळणापलीकडे पडदा असतो. त्यामुळे आत गेलेले पाणी, घाण, गवताचे कूस किंवा तेल सहज बाहेर येत नाही. तेथे ओल व ऊब राहते आणि त्यात जंतू व बुरशी वाढतात.

आपल्या गावठी कुत्र्याचे कान बहुधा उभे किंवा अर्धवट मुडपलेले असतात. त्यात वारा खेळतो, म्हणून आतून कान फुटण्याचा त्रास त्याला कमी होतो. त्याचे दुखणे जास्त करून बाहेरचे असते : पाळीला चिकटलेले गोचीड, पावसाळ्यात माश्यांनी फोडलेली कानाची टोके आणि त्या जखमेत पडणारे किडे. याउलट अलीकडे शेतघरांवर लॅब्रॅडॉरसारखी विलायती कुत्री आली आहेत. त्यांचे कान झाकणासारखे खाली पडलेले असतात. विहिरीत, कालव्यात डुंबून आलेल्या अशा कुत्र्याचा कान आतून कुजतो. दुखणे बाहेरचे की आतले, हे ओळखल्याशिवाय औषध करणे म्हणजे माती न बघता खत टाकण्यासारखे आहे.

माणसाचे औषध जनावराला

आपल्या देशात जनावरांच्या औषधपाण्याची परंपरा फार जुनी आहे. सम्राट अशोकाने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात खडकांवर आज्ञा कोरविल्या. त्यांतील दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी, अशा दोन्ही प्रकारच्या औषधोपचारांची सोय केल्याचे आणि औषधी वनस्पती लावविल्याचे म्हटले आहे. त्याच मालिकेतील आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्याजवळच्या सोपारा येथे मिळाले आहेत.

पुढे घोड्यांसाठी शालिहोत्राच्या नावाने व हत्तींसाठी पालकाप्याच्या नावाने मोठे ग्रंथ झाले. घोड्याच्या वैद्याला आपण ‘सलोत्री’ म्हणतो, तो शब्द या शालिहोत्रावरूनच आला. घोडा आणि हत्ती ही राजाची जनावरे, म्हणून त्यांना स्वतंत्र ग्रंथ मिळाले. कुत्र्यालाही दरबारात जागा होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ ते ११३१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख ज्यात आहे, तोच हा ग्रंथ. शिकारी कुत्र्यांवर त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे.

पण मेंढपाळाच्या कुत्र्याला राजवैद्य कोठून मिळणार? त्याला मिळाले ते घरातल्या माणसांचेच औषध. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात माणसाच्या कानाचे २८ रोग सांगितले आहेत. कान वाहणे, खाज सुटणे, दुर्गंधी येणे, कानात किडे होणे, हे सगळे त्यात आहे. कानदुखीवर लसूण, आले, शेवगा, मुळा यांचा रस कोमट करून घालावा, असे तेथे सांगितले आहे. रुईच्या पिकलेल्या पिवळ्या पानाला तूप लावून, निखाऱ्यावर गरम करून, त्याचा रस कानात पिळण्याची रीतही आयुर्वेदातलीच आहे.

आपल्या आजीने लेकरांच्या कानात लसणाचे तेल घातले आणि तेच कुत्र्याच्याही कानात घातले, त्याचे मूळ येथे आहे. मात्र वाटेत दोन गोष्टी गळून पडल्या. एक म्हणजे वैद्य आधी कान बघत असे, पुसून कोरडा करीत असे आणि मगच औषध घालीत असे. आपल्याकडे ओतणे तेवढे उरले, बघणे आणि पुसणे राहून गेले. दुसरे म्हणजे ही औषधे माणसाच्या सरळ कानासाठी होती. कुत्र्याच्या वळलेल्या नळीत तेच तेल अडून राहते, त्यावर धूळ बसते आणि दुखणे वाढते. लसूण व कांदा कुत्र्याच्या पोटात जास्त गेला तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर माणूस काय आणि कुत्रा काय, दोघांच्याही डोळ्याला इजा होते.

समुद्रापलीकडून आलेले ‘गावठी’

आता सासवडच्या रस्त्याला लागू. पुरंदर तालुका सीताफळासाठी प्रसिद्ध. जनावराच्या जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून त्याचा रस लावायचा, हे तिकडे लहान पोरालाही ठाऊक असते. सीताफळ म्हणजे अगदी आपलेच झाड वाटते, पण ते मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले. त्यांच्या व्यापारातून जी झाडे इकडे पसरली, त्यांत सीताफळ होते, मिरची होती आणि तंबाखूही होती.

तंबाखूची नोंद तर स्पष्ट आहे. अकबराचा अधिकारी असदबेग हा १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून परत गेला, तेव्हा त्याने बादशहासाठी तंबाखू नेली. बादशहाला ती नवलाची वस्तू वाटली. म्हणजे तंबाखू तेव्हा आपल्या दक्षिणेत पोहोचली होती, उत्तरेत अजून नवी होती.

या दोन्ही वनस्पतींत कीटक मारण्याची शक्ती खरोखर आहे, शास्त्राने ती तपासलेली आहे. आपल्या शेतकऱ्याने ती अनुभवाने ओळखली आणि परदेशी झाडाला गावठी औषध बनविले, ही कौतुकाचीच गोष्ट आहे. पण जी वस्तू किडा मारते, ती कुत्र्यालाही भोवू शकते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याच्या बुबुळाला जखम होते, आणि कान तर डोळ्यापासून चार बोटांवर. कुत्रा डोके झाडतो, कान खाजवून तोच पंजा तोंडावर फिरवतो. तंबाखूतील निकोटीन हे जालीम विष आहे. कुत्रा अंग चाटतो आणि तंबाखूचे पाणी पोटात जाते. मग उलटी, थरथर आणि पिलू असेल तर मरणही. म्हणून तंबाखूचे पाणी कुत्र्यावर वापरूच नये. सीताफळाचा पाला गोठ्यातल्या मोठ्या जनावराच्या पाठीवरील जखमेला चालत आला असेल, पण कुत्र्याच्या कानात तो नको.

सलोत्र्यापासून दवाखान्यापर्यंत

इंग्रजी अमलात पुणे हे लष्कराचे मोठे ठाणे होते. १८६२ साली येथे लष्करासाठी पशुवैद्यक शिकविणारी शाळा निघाली. तिचे लक्ष अर्थातच लष्कराच्या घोड्यांवर. मुंबईत सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव दिले गेले. त्याच परिसरात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले.

१८८९ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात जनावरांच्या रोगांवरील संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा निघाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख होते. बुळकांडीने गुरे पटापट मरत होती, त्यावर उपाय शोधणे हे तिचे मुख्य काम. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. बुळकांडी हा रोग २०११ साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्या लढाईचे एक मूळ पुण्यात होते, हे आपण अभिमानाने सांगावे.

पण या सगळ्यात क्रम बघा. आधी लष्कराचा घोडा, मग औताचा बैल आणि दुभती गाय, आणि सगळ्यांत शेवटी कुत्रा. खेड्यापाड्यांत दवाखाने निघाले तेही गुरांसाठी. त्यामुळे ‘‘कुत्र्याला कशाला दवाखाना?’’ ही समजूत आपल्यात मुरली. आज शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, ते १९८८ पासून. तालुक्यात सरकारी दवाखाने आहेत. तेथे कुत्र्यालाही नेता येते. समजूत तेवढी जुनी राहिली.

डब्यातली औषधे

दवाखाना दूर आणि दुकान जवळ. या फटीतून तिसऱ्या प्रकारची औषधे घरात शिरली. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि पुढच्या काही दशकांत दिव्याचे तेल डब्यांतून आपल्या खेड्यांत आले. ‘रॉक ऑइल’चे आपण रॉकेल केले. दिव्यासाठी आलेले हे तेल ढेकणांवर, उवांवर आणि मग गोचिडांवर गेले. ब्रिटनमध्ये जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली जखमेसाठी कार्बोलिक आम्लाचा वापर प्रसिद्ध केला. त्याच कुळातले फिनेल फरशी धुण्यासाठी आले आणि आपण ते जनावराच्या जखमेवर ओतू लागलो. स्वातंत्र्यानंतर शेतीसाठी गॅमेक्झिनची भुकटी आली. पिकावर मारून उरलेली भुकटी कुत्र्याच्या अंगावर चोळायची, हा प्रकार सर्रास चालला. ही बी.एच.सी. भुकटी विषारी असून वर्षानुवर्षे मातीत व अंगातल्या चरबीत राहते. म्हणून १ एप्रिल १९९७ पासून देशात तिच्यावर बंदी आली.

बंधूंनो, ही औषधे ना आयुर्वेदातली, ना दवाखान्यातली. दिव्याचे तेल दिव्यासाठी, फिनेल फरशीसाठी, कीटकनाशक पिकासाठी. कुत्र्याच्या कानाची आतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी नाजूक असते. रॉकेल-फिनेलने ती भाजते, पडद्याला भोक पडले असेल तर ते आत उतरते. मग कुत्रा एका बाजूला मान टाकतो, गोल गोल फिरतो, कधी कायमचा बहिरा होतो. आपण म्हणतो, ‘‘दुखणंच वाईट होतं.’’ दुखणे वाईट नव्हते, औषध वाईट होते.

हळद आणि कडुनिंब यांची साक्ष

मग घरगुती औषध सगळेच टाकाऊ काय? मुळीच नाही. याचा निवाडा परदेशातही झालेला आहे.

हळदीने जखम भरते, या गोष्टीवर अमेरिकेत १९९५ साली एका विद्यापीठाने पेटंट मिळविले. जेजुरीला ज्या देवाच्या पायाशी कुत्रा बसतो आणि ज्याच्या नावाने हळदीचा भंडारा उधळतो, त्या मुलखाच्या माणसाला हे ऐकून हसूच येईल. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. ते त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. जुने ग्रंथ व छापील लेख पुरावा म्हणून मांडले गेले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. कडुनिंबाच्या तेलाचा बुरशीविरुद्ध उपयोग यावर युरोपात १९९४ साली दिलेले पेटंट २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले.

यातून दोन गोष्टी शिकाव्या. आपल्या घरगुती ज्ञानाला किंमत आहे, ही एक. आणि ती किंमत ठरली ती लिहिलेल्या, तपासलेल्या पुराव्यावर, नुसत्या ‘आमच्यात चालतं’ या शब्दावर नाही, ही दुसरी. कुत्र्याच्या कानालाही हाच न्याय लावू.

काय ठेवावे

१. बघणे. आठवड्यातून एकदा दोन्ही कान उजेडात उलटून बघा. निरोगी कान आतून फिकट गुलाबी, कोरडा आणि वासाशिवाय असतो.

२. पुसणे. एक लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे साधारण दीड सपाट चमचे, विरघळवा. कोमट झाल्यावर स्वच्छ सुती फडके भिजवून, पिळून, बोटाला गुंडाळा. बोट जेथवर सहज जाते तेथवरच पुसा. काडी, पीस, केसातली पिन आत घालू नका. शेवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्या. पोहून आलेल्या लोंबत्या कानाच्या कुत्र्याला हे जरूर करा.

३. कडुनिंब किंवा करंजीचे तेल. एक चमचा तेल दहा चमचे खोबरेलात मिसळून पाळीच्या बाहेरच्या बाजूला व टोकांना बोटाने हलके लावा. पावसाळ्यात माश्या कमी बसतात. नळीत एक थेंबही नको. लहान पिलांना हे तेल लावू नका, ती चाटतात.

४. गोचीड हाताने काढणे. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. विडीने चटका देऊ नका. काढलेला गोचीड बोटांनी चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. कुत्रा सुस्त होऊन ताप आला तर तो गोचीड-ताप असू शकतो, तेव्हा दवाखाना गाठा. कुत्र्याची झोपायची जागा व भिंतीच्या फटी साफ ठेवल्या नाहीत, तर काढलेले गोचीड पुन्हा येतील.

५. हळद. कानाच्या बाहेरील किरकोळ ओरखड्यावर, मिठाच्या पाण्याने धुऊन, खोबरेलात कालवून लावायला हरकत नाही. नळीत भुकटी टाकू नका, तिचा गोळा होऊन बसतो.

काय टाकावे

रॉकेल, फिनेल, तंबाखूचे पाणी, रुईचा चीक, गरम तेल आणि पिकावरची कोणतीही फवारणी. गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शनही अंदाजाने टोचू नये. हे औषध जपानच्या मातीतील जंतूपासून निघाले आणि त्याबद्दल २०१५ साली सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषध गुणाचेच, पण कुत्र्याचा डोस वेगळा असतो आणि कोली जातीच्या काही कुत्र्यांना ते जिवावर बेतते. तो हिशेब पशुवैद्यकाचा.

काही ठिकाणी कुत्रा तिखट व्हावा म्हणून पिलाचे कान कापतात. कान कापल्याने कुत्रा तिखट होत नाही, माश्यांना उघडी जखम मात्र मिळते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराचा अवयव असा तोडणे हा गुन्हा आहे.

दवाखान्यात केव्हा न्यावे

कानातून पू किंवा रक्त येत असेल, घाण वास असेल, मान एका बाजूला पडली असेल, पाळी फुग्यासारखी फुगली असेल किंवा दोन दिवस पुसूनही झाडणे थांबत नसेल, तर घरी वेळ घालवू नये. फुगलेल्या पाळीत रक्त साकळलेले असते, ती घरी सुईने फोडू नका.

कानात किडे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे किडे मेलेले नव्हे तर जिवंत मांस खातात आणि आत शिरत जातात. वाटेत माशी बसू नये म्हणून स्वच्छ फडके सैल बांधा. पशुवैद्यकाकडे किडे काढण्याची साधने, भूल आणि योग्य औषध असते. फिरत्या पथकासाठी १९६२ या क्रमांकावर विचारणा करता येते.

आणि एक सावधगिरीची सूचना. कान दुखणारा कुत्रा हात लावला की चावू शकतो, म्हणून आधी तोंडाला मऊ पट्टी बांधा. पण लाळ गळते आहे, जबडा लोंबतो आहे, आवाज बदलला आहे, ओळखीच्या माणसावरही धावून जातो आहे, अशी लक्षणे असतील तर कानाकडे बघूच नका. ते पिसाळणे असू शकते. दूर राहा आणि पशुवैद्यकाला कळवा. चावला किंवा लाळ जखमेला लागली, तर पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन लगेच आरोग्य केंद्रात लस घ्या. १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली, तेव्हा इलाजासाठी माणसे रेल्वेने दूरदूरहून हिमालयाच्या पायथ्याशी जात. आज लस तालुक्याला मिळते, तेव्हा उशीर करू नका. कुत्र्यालाही दरवर्षी प्रतिबंधक लस टोचून घ्या.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आजीच्या बटव्यातले बघणे, पुसणे आणि कोरडे ठेवणे हे तिन्ही सोने आहे. त्यानंतर बटव्यात जे जे पडत गेले, ते एकेक करून तपासा. ही पत्रिका गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवा आणि आज संध्याकाळी भाकरी टाकताना राखणदाराचे दोन्ही कान एकदा उलटून बघा.